प्याली, न्हाई प्याली

पान उघडलं नाही, आणि मला बरं वाटलं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सांगता सांगता मी स्वतःला चांगला माणूस करून दाखवीन. दोन हजार सहा सालचा जुलै, मंगळवार, सकाळचे साडेनऊ. दौंडात स्टेशनच्या रस्त्याला माझं डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, दशक्रियेची पत्रं, पावतीपुस्तकं. दुकान झाडलं, उदबत्ती लावली, कॉम्प्युटर चालू केला आणि रोजच्या सवयीनं नेटवरचं माझं पान उघडायला गेलो. नुसता पांढरा पडदा. हे पान दाखवता येत नाही म्हणे. पुन्हा दाबलं, पुन्हा पांढरं. रेल्वेचं टाइमटेबल उघडत होतं, निकालाची साइट उघडत होती, माझंच तेवढं नाही. खरं तर मी घाबरायला पाहिजे होतं. पण छातीत काहीतरी सैल झालं, चावणाऱ्या चपलेतून पाय काढल्यावर वाटतं तसं, आणि मी चक्क समोरच्या टपरीवर हात करून चहा मागवला. गेले चार दिवस जे ठरवायचं मी टाळत होतो, ते कुणीतरी परस्पर ठरवून टाकलं होतं. कुणीतरी म्हणजे बापूसाहेबांनीच, अशी माझी त्या क्षणी खात्री होती.

त्या पानावर होतं तरी काय, असं कुणी विचारलं तर सांगायला लाजच वाटायची. ‘पाणी हाय का’ असं त्याचं नाव. कविता नाही, राजकारण नाही, फोटो नाही. दर मंगळवारी विहिरींची यादी, बस्स. वर शिरूरकडं केंदूरपासून ते खाली भीमा ओलांडून पाटस-खुटबावपर्यंत आमची मेंढरं ज्या वाटेनं फिरतात, त्या वाटेवरच्या विहिरी, ओढ्याकाठच्या उथळ बुडक्या, तळी, आणि प्रत्येकीपुढं लिहिलेलं असायचं: प्याली. नाहीतर, न्हाई प्याली. आमच्या भावकीतली बरीचशी घरं आता ऊस लावतात, माझ्यासारखे काही टेबलाला चिकटलेत, पण चार-पाच घरं अजून मेंढरं राखतात. त्यातलीच माझी थोरली चुलतबहीण, नकुशीआक्का. मंगळवारी सकाळी ती कुठल्या तरी टपरीवरच्या रुपयाच्या फोनवरून दुकानात फोन करायची. ‘हौसरावाची हीर, प्याली. सोजराबाईची बुडकी, न्हाई प्याली. लिव्हलं का?’ तिला स्वतःला लिहायला येत नाही, पण मेंढरू पाण्याजवळ जातं, हुंगतं आणि तोंड फिरवतं, ते ती लांबूनच ओळखते. निवांत असलेलं मेंढरू वाईट पाण्याला तोंड लावत नाही. उन्हातनं तीन कोस चाललेलं मेंढरू मात्र काहीही पितं आणि संध्याकाळपर्यंत आडवं होतं. म्हणून पाणी आधी कळावं लागतं. आक्काचं बघून बाकीच्या कळपांचे लोकही फोन करायला लागले, मी सगळ्यांचं एकत्र करून यादी लावायची आणि जो विचारेल त्याला वाचून दाखवायची. असे चौसष्ट आठवडे झाले होते.

ही काही माझी अक्कल नव्हे. माझे वडील, रखमाजी, कळपाच्या पुढं अर्धा दिवस चालायचे. पाणी बघायचे, आणि वाटेच्या फाट्यावर दगडाखाली डहाळी ठेवून पुढं जायचे. पाल्याची हिरवी डहाळी म्हणजे वळा. वाळकी काडी म्हणजे सरळ पुढं चला. एका बागायतदाराला आपल्या विहिरीच्या फाट्यावरची वाळकी काडी फार झोंबली, त्यानं ती फेकली. वडिलांनी दुसरी ठेवली. तीही फेकली. मग वडील स्वतःच त्या फाट्यावर उभे राहिले, डोक्यावर घोंगडी घेऊन, मागचे सगळे कळप निघून जाईपर्यंत. मी सात वर्षांचा. येणारे-जाणारे हसत होते आणि मला आबांची लाज वाटत होती, हेही सांगून टाकतो. ‘चला ना आबा, काडी गेली तर जाऊ द्या,’ मी त्यांच्या धोतराला ओढत म्हणालो. ते म्हणाले, ‘काडी गेली म्हून पाणी ग्वाड झालं व्हय रं?’ मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही, फक्त भूक लागली होती. आबा गेले त्याला पुढं बारा वर्षं झाल्यावर, दुकानात नेट आलं, आणि मराठी अक्षरं चौकोन न होता पडद्यावर सरळ दिसायला लागली, तेव्हा मी गंमत म्हणून ते पान काढलं. पहिल्या आठवड्यात ते फक्त मीच वाचलं असणार.

बापूसाहेब आले ते शुक्रवारी. गाडी दुकानासमोर लावली, आत येऊन स्टुलावर बसले, चहा घेतला, माझ्या मुलीची चौकशी केली. तालुक्यात मोठं माणूस. माळावरची त्यांची जमीन रंगाच्या कारखान्याला गेली आणि ते कारखान्यात भागीदार झाले. शिवाय त्यांची शिक्षणसंस्था, आणि त्या संस्थेच्या शाळेत माझी बायको सुलक्षणा तेव्हा सहा वर्षं शिकवत होती, तात्पुरती म्हणून. कारखान्याखालून रांजणओढा वाहतो. मी कारखान्याचं नाव कधी लिहिलं नाही. खरं सांगायचं तर धाडस म्हणूनही नाही आणि भीती म्हणूनही नाही, मी फक्त फोनवर येईल ते टाइप करत होतो. पण चाळिसाव्या आठवड्यापासून ‘न्हाई प्याली’ ओढ्याच्या कडेकडेनं एकेक विहीर खाली सरकायला लागलं, आणि ज्याला ओढा माहीत होता त्याला ते आपोआप दिसलं. ‘पोपटराव,’ बापूसाहेब म्हणाले, ‘तुम्ही नाव घिऊन शिव्या दिल्या आस्त्या तर आम्ही कोर्टात गेलो आसतो. तुम्ही नावच घेत न्हाई. नुसतं न्हाई प्याली, न्हाई प्याली. आता मेंढरांवर केस करू व्हय मी?’ ते हसले. मीही हसलो, काय करणार, समोर बसलेलं मोठं माणूस हसलं की आपलं तोंड आपोआप उघडतं. उठताना खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘सुलक्षणाताईंची फाईल माझ्याच टेबलावर हाय. करून टाकू कायम. तेवढं पान काढा. काढलं की कळंलच मला.’ मी तिला हे सांगितलं नाही. शनिवारी नाही, रविवारी नाही, सोमवारी ती वह्या तपासत बसली होती तेव्हाही नाही. दर जूनमध्ये नव्यानं अर्ज करायचा आणि दर एप्रिलमध्ये ‘आपली सेवा समाप्त’ असं पत्र घ्यायचं, हे ती कसं गिळते ते मी बघत आलो होतो.

तर चहा पिता पिता मी विचार करत होतो की बापूसाहेबांचा हात किती लांब पोचला. दौंडातल्या शाळेपासून थेट नेटच्या आत. भीती होतीच, पण तिच्याखाली ते सैलपण होतं, आणि त्याच्याही खाली आणखी एक गोष्ट हळूहळू वर येत होती, ती म्हणजे माझ्याकडं त्या यादीची एकही प्रत नव्हती. ज्या माणसाकडं अठ्ठ्याण्णव सालच्या लग्नपत्रिका अजून फ्लॉपीत जपून ठेवलेल्या आहेत, त्या माणसानं चौसष्ट आठवड्यांच्या विहिरी थेट पानावर टाइप केल्या आणि फोनवर लिहून घेतलेल्या चिठ्ठ्या टोपलीत टाकल्या. नेटवर गेलं म्हणजे दगडावर कोरलं, असं मला वाटायचं. वेडाच की मी.

दहाला फोन वाजला. आक्का. ‘आक्का, पान बंद झालंय,’ मी म्हणालो. ‘बंद म्हंजी?’ ‘उघडत न्हाई. कुणी तरी झाकलंय.’ ‘आरं मग तोंडानं सांग की. खुटबावच्या फाट्यावर उभी हाय मी. दोनशे मेंढरं हायती, सकाळधरनं चाललीती, ऊन बघ कसलं पडलंय. हितनं गेणबाच्या हिरीकडं वळू का सरळ जाऊ?’ आमच्याकडं जुलै म्हणजे नुसतं वारं आणि ऊन. गेणबाची विहीर आक्काच्या नेहमीच्या वाटेवरची नव्हे, तिची खबर दुसऱ्या कळपाकडून यायची, त्यामुळं आक्काला माहीत असायचं कारण नव्हतं. मला माहीत असायला पाहिजे होतं. मी डोळे मिटले आणि आठवायला लागलो, आणि डोळ्यांपुढं यादीऐवजी सुलक्षणाचं कायमचं पत्र आलं, संस्थेचा शिक्का मारलेलं. मला ठाऊक नाही असं म्हणायला काय झालं होतं? पण जो माणूस आतून सुटकेचा श्वास टाकत असतो त्याला समोरच्यालाही लवकर सोडवायची घाई असते. ‘गेणबाची चालंल,’ मी म्हणालो. ‘चालंल का प्याली? नीट सांग.’ ‘प्याली.’ रुपया संपला आणि फोन तुटला.

त्यानंतर थोड्या वेळानं बापूसाहेबांचा फोन. ‘मानलं तुम्हाला, पोपटराव. आत्ताच आमच्या हापिसातल्या माणसानं बघितलं, पान गायब. शब्दाचं पक्कं निघाला. सोमवारी ताईंचं पत्र निघतंय बघा.’ आता मजा अशी की हे ऐकल्याबरोबर मला कळलं, पान त्यांनी बंद केलं नव्हतं. त्यांना वाटत होतं मी काढलं. मला वाटत होतं त्यांनी काढलं. दोघांनीही काढलं नव्हतं आणि दोघांचंही काम झालं होतं. मी एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, मी नाही काढलं. पण तोंडातून आलं ते ‘व्हय’. इतकं साधं, गुळगुळीत ‘व्हय’ मी आयुष्यात म्हटलं नसेल. फोन ठेवला आणि समोरची लग्नपत्रिका जुळवायला घेतली. आमचे येथे श्रीकृपेकरून. हात चालत होते. मी स्वतःशी म्हणत होतो, अरे, तू काय केलंस? काहीच तर नाही केलंस. एक पान आपोआप गेलं, एका बाईला तिच्या हक्काची नोकरी मिळतेय, यात पाप कुठं आहे? आणि दर दोन ओळींनंतर मला फाट्यावर उभी असलेली दोनशे मेंढरं दिसत होती, आणि गेणबाची विहीर, तिच्यापुढं काय होतं, प्याली का न्हाई, काही केल्या दिसत नव्हतं.

गिऱ्हाईकाचा मजकूर मेलवर यायचा होता म्हणून मेल उघडली. ती उघडत होती. वर एक अनोळखी नाव, प्रगती. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी, तेव्हा परदेशातले सगळे तसंच लिहायचे. ‘पोपटभाऊ, मी केंदूरच्या हौसरावांची मुलगी. मस्कतला दवाखान्यात नर्स आहे. सरकारनं काही पानं बंद करायला सांगितली आणि तिकडच्या नेटवाल्या कंपन्यांनी सरसकट सगळ्यांचीच बंद केली, असं इथं वाचलं. तुमचंही गेलं असेल म्हणून लिहिते. इथं उघडतंय. घाबरू नका.’ पुढं लिहिलं होतं, की हॉस्टेलवर नेट तासाच्या हिशेबानं मिळतं, म्हणून ती दर मंगळवारी माझं पान नुसतं साठवून ठेवते आणि खोलीवर जाऊन सावकाश वाचते. ‘आमच्या विहिरीपुढं प्याली असं दिसलं की घरी जाऊन आल्यासारखं वाटतं. वडिलांना फोनवर विचारलं तर ते सगळं बरंच आहे म्हणतात. तुमची मेंढरं खरं सांगतात. सगळे आठवडे सोबत जोडलेत. बंदी असली तरी आडवाटेनं पान कसं उघडायचं, तेही खाली लिहिलंय.’ मी ते दोनदा वाचलं. म्हणजे कुठं दिल्ली, कुठं काय, आणि आमच्या बुडक्यांची यादी उगाच त्यात चेंगरली होती. कुणी माझ्यावर नेम धरलेलाच नव्हता. आणि कुठं मस्कत, जिथं एक मुलगी चौसष्ट मंगळवार आमच्या विहिरी जपत बसली होती, मला न विचारता, मला न सांगता. माझे डोळे भरून आले, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून बरं. मग शेवटचा आठवडा उघडला. गेणबाची विहीर: न्हाई प्याली. त्याच्या आधीचा आठवडा: न्हाई प्याली.

शटर अर्धं ओढलं, एम-एटीला किक मारली. दौंडहून खुटबावला जायला किती वेळ लागला ते आठवत नाही. एवढंच आठवतं की मी मोठमोठ्यानं बोलत होतो, ‘वळू नको आक्का, वळू नको,’ आणि रिकामी ट्रॉली ओढणारा एक ट्रॅक्टर मला जागा देईना म्हणून त्याला शिव्या घातल्या. एकीकडं मनात हिशोबी आवाज चालूच होता, की मेंढरं मेली तर आक्का तुझं नाव सांगणार नाही, ती तुझीच आहे. त्या आवाजाची मला अजून किळस येते. गेणबाच्या विहिरीवर पोचलो तर कळप बांधावर बाभळीखाली बसलेला. बसलेला, म्हणजे आडवा झालेला नाही. रवंथ करत, शेपट्या हलवत. आक्का एका दगडावर तंबाखू मळत होती. विहिरीच्या तोंडाशी काटेरी बोराट्या टाकलेल्या, आणि त्यांच्या पुढ्यात गेणबाची बायको, गिताबाई, गोणपाटावर बसून शेंगा फोडत होती.

‘ये,’ आक्का म्हणाली, ‘ये शान्या. प्याली काय? ह्या बाईनं आडवी काठी घातली म्हून, न्हाईतर आज दोनशे मेंढरांची मढी उचलायला लावलं आस्तं तुला.’ मी म्हणालो, ‘आक्का, चुकलं. मला आठवत नव्हतं आन् मी सांगितलं.’ ‘आठवत न्हाई तर न्हाई म्हनावं. जीभ झडती का?’ ती बराच वेळ बोलत राहिली, आमच्या आईपासून माझ्या शाळेपर्यंत सगळ्यांचा उद्धार झाला, आणि मी मान खाली घालून ते ऐकत राहिलो, कारण त्या घटकेला मला जगातलं दुसरं काहीही ऐकायचं नव्हतं. गिताबाई शेंगा फोडता फोडता म्हणाली, ‘तुमच्या यादीत आमच्या हिरीला न्हाई लागलं तवापास्नं दोन आठवडं बसतीय मी हितं. पयल्यांदा लई राग आलता तुमचा. आमच्या हिरीला नावं ठिवतो म्हनलं, कोन ह्यो पोपट. मग आमचीच शेरडं न्हेऊन बघितली. फिरवलं की तोंड.’ मी विचारलं, ‘तुम्ही यादी कुठं वाचता?’ ती हसली. ‘मी कशाला वाचती? बाजारात सांगत्यात. दळणात सांगत्यात. ती काय तुमच्या दुकानात ऱ्हाती व्हय?’ तिनं मला तांब्याभर पाणी दिलं, दुसऱ्या वस्तीवरनं डोक्यावर आणलेलं. मी ते प्यालो. घशाखाली उतरताना मला आबा दिसले नाहीत, कुणी दिसलं नाही. फक्त पाणी गार होतं, आणि आपण या दोन बायांचे केवढे ऋणी आहोत हे कळलं. तिथंच गोणपाटाच्या कडेला बसलो आणि मूठभर शेंगा फोडल्या.

दुपारी शाळा सुटल्यावर सुलक्षणा दुकानात आली तेव्हा मी तिला शुक्रवारपासूनचं सगळं सांगितलं. ‘व्हय’ म्हणालो, तेही सांगितलं. ती डबा हातात धरून उभीच होती. मला वाटलं, रडेल. सहा वर्षं. तिनं डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, ‘म्हणजे मी वर्गात पोरांना पाणी कसं तपासायचं ते शिकवायचं, आणि माझा पगार त्याच पाण्यावर? मला विचारलं का नाही तुम्ही?’ ‘तू नको म्हणाली असतीस म्हणून.’ हे माझ्या तोंडून कसं निघालं कुणास ठाऊक, पण ते खरं होतं. ती खुर्ची ओढून शेजारी बसली. प्रगतीनं सांगितलेल्या आडवाटेनं आम्ही पान उघडलं. ते जिथल्या तिथं होतं. सकाळपासून परदेशातल्या दोन-तीन जणांनी खाली लिहिलंही होतं, आज यादी का नाही म्हणून. आक्कानं बांधावर आणि बाकीच्यांनी फोनवर सांगितलेली त्या आठवड्याची यादी मी टाइप केली, सुलक्षणानं मोठ्यानं वाचून तपासली. गेणबाची विहीर, न्हाई प्याली. मग मी बापूसाहेबांना फोन लावला. रिंग जात होती तेव्हा तिनं टेबलाखाली आपला पाय माझ्या पायावर ठेवला होता.

‘साहेब, सकाळी मी खोटं बोललो. पान मी काढलं नव्हतं, ते आपोआप बंद पडलं होतं,’ मी म्हणालो. ‘आता लावलंय मात्र मी.’ फोन कट झाला असं वाटून मी ठेवणार, तेवढ्यात सुलक्षणानं रिसीव्हर घेतला. ‘बापूसाहेब, मी सुलक्षणा. सोमवारी सातवीची चाचणी आहे, पेपर माझ्याकडं आहेत. येऊ का नको, तेवढं सांगा.’ रस्त्यावरून एक रिक्षा गेली. मग मला रिसीव्हरच्या बाहेरूनही ऐकू आलं, ‘या.’ एवढंच, आणि फोन खाली. बापूसाहेबांच्या मनात काय आलं असेल ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. पण त्या एका शब्दाबद्दल मी त्यांचेही उपकार मानतो, लोक हसतात तरी मानतो.

पान आठवडाभरात सरळ उघडायला लागलं, त्या ‘सरसकट’बद्दल कुणी सॉरीही म्हणालं नाही. त्यानंतर दर मंगळवारी मी यादीची एक प्रत मस्कतला पाठवतो, एक खुटबावला गिरणीत लावतो. कायमचं पत्र काही निघालं नाही. सुलक्षणा अजून त्याच शाळेत शिकवते, तात्पुरती, दर जूनला नवा अर्ज करून. अर्ज मीच जुळवतो, त्याच कॉम्प्युटरवर. ओळी सारख्या करता करता माझा हात जड होतो, दरवर्षी. यंदा अर्जाचा दिवस नेमका मंगळवारी आला. मी तिचा अर्ज छापायला टाकणार, तर तिनं माझा हात माउसवरून बाजूला केला. ‘आधी विहिरी,’ ती म्हणाली. ‘लोक चालतायत उन्हात. माझं काय, मी बसलेच आहे की सावलीत.’